नाव बदललं, विद्या तीच

1936 साली ‘विजयाची लग्ने’ हा मराठी बोलपट आला, तेव्हा त्यात काम करणारी रतन भालचंद्र साळगावकर जेमतेम तेरा वर्षांची होती. श्रेयनामावलीत मात्र रतनही नव्हती आणि साळगावकरही नव्हतं. तिथे नाव होतं हंसा वाडकर. मुलगी सिनेमात जाते म्हणून घराण्याचं नाव खराब व्हायला नको, यासाठी आडनाव बदललं गेलं.

यातली गंमत अशी की ज्या घराण्याच्या अब्रूची ही काळजी चालली होती, ते घराणं कलावंतिणींचं होतं. गाणं आणि नाच घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे. आजीचा गाण्याच्या पेशात लौकिक. नात्यातल्या इंदिरा वाडकर यांचं नाव गायिका म्हणून लोकांना ठाऊक. म्हणजे रतनला जे येत होतं, ते तिच्या घरानंच तिला दिलं होतं. पुढे पंचवीस वर्षं मराठी पडद्यानं जे विकत घेतलं, तेही हेच. बदललं होतं ते फक्त पाटीवरचं नाव.

हंसा वाडकर (1923–1971) यांची कारकीर्द ‘एका नटीची वादळी कहाणी’ म्हणून बऱ्याचदा सांगितली जाते. ती वादळी होतीच. पण बोलपटाच्या पहिल्या दशकात नाचणारी-गाणारी बाई पडद्यावर आली कुठून, तिच्या नाचाचं ध्वनियंत्रानं काय केलं आणि त्या कलेची कमाई गेली कुणाकडे, हे समजून घ्यायलाही या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही.

मूकपटाला चेहरा पुरत होता

दादासाहेब फाळके यांना 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. बाजारात बसणाऱ्या बायकांनीही नकार दिला, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) आल्या आणि ती कोंडी फुटली. मूकपटाच्या पुढच्या काळात अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी पडदा गाजवला. सुलोचना या नावानं प्रसिद्ध झालेल्या रूबी मायर्स त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या तारका. मूकपटात भाषा लागत नव्हती. चेहरा, डोळे आणि कॅमेऱ्यासमोरची धिटाई एवढं भांडवल पुरे होतं.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि हे भांडवल एका दिवसात अपुरं पडलं. बोलायचं तर शुद्ध हिंदुस्तानीत, आणि बोलता बोलता गायचं. ‘आलम आरा’त सात गाणी होती. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या मादन कंपनीचा ‘इंद्रसभा’ आला, त्यात तर सत्तरच्या आसपास. सुलोचनांसारख्या तारकेलाही काही काळ थांबून आधी भाषा पक्की करावी लागली.

आता निर्मात्यांना अशा बायका हव्या होत्या ज्यांचा आवाज तयार आहे, लयीचं अंग पक्कं आहे, आणि चार लोकांसमोर उभं राहण्याची सवय आहे. अशा बायका होत्या तरी कुठे? संगीत नाटकांत? तिथे बालगंधर्वांच्या काळात स्त्रीभूमिका पुरुषच करत. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या, पण त्या मोजक्याच. पांढरपेशा घरांत? दुर्गा खोटे 1932 साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या तेव्हा शिकल्यासवरल्या, बड्या घरच्या सुनेनं तोंडाला रंग लावला म्हणून गावभर चर्चा झाली. त्यांच्या येण्यानं दार उघडलं हे खरं, पण त्या दारातून लगेच रांग लागली नाही.

उरली ती कलावंतांची घरं. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या देवळांशी बांधलेल्या समाजातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कितीतरी कुटुंबं मुंबईला आली होती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका याच परंपरेतल्या. मुलीला सहाव्या-सातव्या वर्षी सूर लावायला शिकवणं, पायात चाळ बांधून ठेका घटवून घेणं, मैफलीत बसायचं कसं, नजर टाकायची कशी, हे या घरांत रोजच्या जेवणाखाणासारखं होतं. बोलपटाला जी तयारी हवी होती, ती इथे आयती होती.

पण हाच समाज त्या काळात आपल्या जुन्या पेशापासून दूर व्हायला धडपडत होता. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा 1934 साली झाला. मुलींना शाळेत घालायचं, त्यांची लग्नं लावून द्यायची, नावापुढे प्रतिष्ठेचं आडनाव लावायचं, असं सुधारणेचं वारं होतं. सिनेमा त्या वाऱ्याच्या नेमका उलटा खेचत होता, कारण घर चालवायला पैसा तिथे होता. रतन साळगावकरचं हंसा वाडकर होणं हे या ओढाताणीत बसवून पाहिलं, म्हणजे त्यातला दुटप्पीपणा आणि नाइलाज दोन्ही एकदम दिसतात.

मायक्रोफोन आणि घुंगरू

आता जरा यंत्राकडे वळू. नाचाचं पडद्यावर काय झालं ते यंत्राशिवाय कळत नाही.

मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवला जाई. फिरवणाऱ्याचा हात कमीजास्त झाला की चित्राची गती कमीजास्त. प्रक्षेपकही कधी वेगळ्याच वेगानं चाले. अशा चित्रात नाच दिसे, पण लय टिकत नसे. समेवर पडलेलं पाऊल पडद्यावर समेवर पडेलच असं सांगता येत नसे. बोलपटानं फिल्मची गती सेकंदाला चोवीस चौकटी अशी बांधून टाकली, कारण गती हलली तर आवाज बिघडतो. याचा नाचाला झालेला फायदा फारसा कुणी सांगत नाही: नर्तिकेचा ताल जसा होता तसाच पहिल्यांदा फिल्मवर उतरू लागला.

पण एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं. सुरुवातीच्या पद्धतीत चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. ‘आलम आरा’साठी वापरलेल्या तानार यंत्रात तर दोन्ही एकाच फिल्मवर उमटत. मागून आवाज भरायची सोय नाही. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे इराणींना बरंच चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. तबला आणि पेटीवाले चौकटीच्या बाहेर, दिसणार नाहीत असे लपवून बसवावे लागले.

अशा वेळी नाचत गाणाऱ्या बाईची अवस्था डोळ्यांसमोर आणा. मायक्रोफोन एका जागी टांगलेला. त्याच्यापासून दोन पावलं लांब गेलं की आवाज बारीक होतो. जवळ येऊन पाय आपटला की घुंगरांचा खणखणाट गाण्यावर चढतो. गिरकी घेतली की तोंड फिरतं आणि शब्द भिंतीकडे जातात. चार आवर्तनं नाचल्यावर धाप लागते आणि ती धापही यंत्र इमानानं टिपतं. साथीदार दिसत नाहीत, त्यामुळे ठेका कानानंच पकडायचा. शेवटच्या ओळीत कुणी खोकलं तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी फिल्म वाया.

यावर तोड एकच होती: गाताना हलायचं कमी. म्हणून सुरुवातीच्या बोलपटांतली गाणी बव्हंशी उभ्यानं किंवा बसून गायलेली दिसतात. नाच असला तर तो गाण्याच्या आधी किंवा कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यात, किंवा मागे समूहाकडे सोपवलेला. नायिका गाते, नर्तकी नाचतात, अशी वाटणी झाली ती यंत्राच्या सोयीनं.

इथे मराठी परंपरेतली एक गोष्ट कामाला आली. लावणीचे दोन ढंग आहेत. फडाची लावणी उभ्यानं, ढोलकीच्या कडकडाटावर, सगळा रंगमंच वापरून होते. बैठकीची लावणी बसून सादर करायची. तिथे पायाला काम थोडं. एका ओळीचे आठ-दहा अर्थ नुसत्या भुवईनं, मनगटानं, पदराच्या हालचालीनं काढून दाखवायचे, म्हणजेच अदा करायची. मायक्रोफोनसमोर जागा न सोडता गायचं, आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की चेहऱ्यानं नाचायचं, ही बोलपटाची मागणी बैठकीत तयार झालेल्या बाईला नवीन नव्हती. कलावंत घरांतल्या मुलींचा अभिनय त्या काळच्या नाटकी हातवाऱ्यांपुढे उठून दिसतो, तो यामुळे.

1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस आणि रायचंद बोराल यांनी ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांत पार्श्वगायनाचा वापर केला. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग ते वाजवून त्यावर अभिनय करायचा. ही पद्धत सगळीकडे रुळायला काही वर्षं गेली. पण ती रुळली तशी नाचणाऱ्या बाईचे पाय सुटले. ती आता जिना उतरत, झाडाभोवती फिरत, गिरकी घेत ‘गाऊ’ शकत होती. तिच्या गळ्याची गरज मात्र उरली नाही. आवाज एकीचा, अंग दुसरीचं. हंसा वाडकर यांची कारकीर्द नेमकी या स्थित्यंतराच्या दोन्ही काठांना स्पर्श करते: 1936 मध्ये गाणारी मुलगी म्हणून आत आलेली नटी 1959 मध्ये दुसरीच्या आवाजाला आपलं शरीर देत होती.

दोन भाषांचा बाजार

मराठी सिनेमाचा बाजार पहिल्यापासून तोकडा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, वऱ्हाड-नागपूर संपलं की मराठी समजणारा प्रेक्षक संपला. म्हणून प्रभातनं पहिल्याच बोलपटापासून जोडआवृत्तीचा मार्ग धरला: ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’. नेपथ्य तेच, वेशभूषा तीच, बहुतेक नटही तेच. एक दृश्य मराठीत झालं की लगेच हिंदीत.

या हिशेबात जबलपूरसारख्या शहराचं स्थान मोठं लक्षात घेण्यासारखं आहे. 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे असलेलं हे शहर पुढे मध्य प्रांतात आलं. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता इथून आलेले लोहमार्ग इथेच एकमेकांना भेटले. नोकरी-वकिलीच्या निमित्तानं आलेली मराठी कुटुंबं इथे पिढ्यांपासून, पण शहराची बोली हिंदी. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या एकाच प्रांतात नागपूर-अमरावतीकडे मराठी खेळ चाले आणि सातपुड्याच्या उत्तरेला जबलपूर-सागरकडे हिंदी. नटीला दोन्ही भाषा तोंडात हव्यात, या मागणीचं मूळ असल्या भूगोलात आहे.

हंसाबाईंनी ही मागणी पुरवली. हिंदीत त्यांनी मारधाडीच्या चित्रपटांपासून सुरुवात केली आणि बॉम्बे टॉकीजपर्यंत मजल मारली. हिमांशू राय आणि देविका राणी यांच्या मालाडच्या या स्टुडिओत शिस्त कडक, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, तंत्रज्ञांतही अनेक युरोपीय. 1939 च्या ‘नवजीवन’मध्ये त्या नायिका होत्या. सोळा वर्षांच्या मुलीनं जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखाली हिंदी संवाद म्हणायचे, हे त्या काळच्या मुंबईत रोजचं दृश्य होतं. बोलपटाचा जन्मच असा सरमिसळीत झाला.

सखू आणि बया

हंसाबाईंच्या दोन भूमिका शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

1941 मध्ये प्रभातनं ‘संत सखू’ काढला. विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं दिग्दर्शन. ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ यांनी प्रभातला संतपटांत जे स्थान मिळवून दिलं होतं, त्याच्या पुढचा हा टप्पा. कऱ्हाडची सासुरवाशीण सखू, छळ करणारी सासू, पंढरीची ओढ आणि सखूच्या रूपात राबणारा विठ्ठल ही कथा मराठी घराघरांत पाठ. या भूमिकेत नाच नाही, शृंगार नाही. डोईवरून पदर, खाली नजर, सोसणारा चेहरा. कलावंत घरातल्या अठरा वर्षांच्या मुलीला पांढरपेशा प्रेक्षकानं संत म्हणून स्वीकारलं. ज्या प्रेक्षकाच्या भीतीनं तिचं आडनाव बदललं गेलं होतं, तोच हा प्रेक्षक.

सहा वर्षांनी, 1947 मध्ये, ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. व्ही. शांताराम यांची राजकमल संस्था, दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, संगीत वसंत देसाईंचं. सोलापूरचा ब्राह्मण शाहीर राम जोशी झाले होते जयराम शिलेदार, आणि त्याला भुलवणारी, त्याच्यासाठी झुरणारी तमासगीर बया म्हणजे हंसा वाडकर. याचीही हिंदी आवृत्ती निघाली, ‘मतवाला शायर रामजोशी’.

‘रामजोशी’नं मराठी सिनेमाची दिशा बदलली असं म्हटलं जातं, आणि ते खरं आहे. तमाशा तोवर पांढरपेशांनी चोरून बघायची गोष्ट होती. पेशवाईतल्या पंडित-शाहिराच्या निमित्तानं तो राजरोस पडद्यावर आला. लावणी, सवाल-जवाब, डफ-तुणतुण्याचे सामने, फडाची भांडणं या साऱ्याला एकदम प्रतिष्ठा मिळाली. गावोगावचे प्रेक्षक तुटून पडले. पुढची पंचवीस वर्षं तमाशापट हा मराठी सिनेमाचा पोटापाण्याचा धंदा झाला. 1972 चा ‘पिंजरा’ही याच वाटेवरचा.

बयाच्या भूमिकेत हंसाबाईंना पहिल्यांदा आपली घरची विद्या उघडपणे वापरायला मिळाली. तिथे नाच दाखवण्यापुरता येत नाही. बयाला राग आला तर तो ठेक्यात येतो, मानभंग झाला तर तो पाठमोऱ्या चालीत येतो. तमाशाच्या बोर्डावरची बाई प्रेक्षकाकडे बघते ती लाजून बघत नाही, हिशेब करून बघते. ती नजर हंसाबाईंकडे होती. ढोलकीवाल्याला मानेनं इशारा करायचा, ओळ अर्धी सोडून समोरच्याला ती पुरी करायला लावायची, हे बारकावे नृत्यदिग्दर्शकानं चार दिवसांत शिकवून येत नाहीत.

1950 मध्ये राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर एकत्र आले. आणि 1959 मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. हंसाबाई यात तमासगीर आई आणि जयश्री गडकर त्यांची मुलगी. संगीत वसंत पवार यांचं, आणि सर्वांत गाजलेली लावणी आशा भोसले यांच्या आवाजात, पडद्यावर जयश्रीबाई. ‘झनक झनक पायल बाजे’त 1955 साली समूहनृत्यातली एक मुलगी म्हणून आलेल्या जयश्री गडकर या चित्रपटानं तारका झाल्या. एका पिढीनं फड दुसरीच्या हाती सोपवला, तोही पडद्यावर, सगळ्यांच्या देखत.

कमाई कुणाची?

इतकं यश मिळवलेल्या बाईच्या हाती काय लागलं? याचं उत्तर त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात देऊन ठेवलंय.

जगन्नाथ बंदरकर यांच्याशी त्यांचं लग्न कोवळ्या वयात झालं. लग्नानंतर काम सोडून संसार करावा ही त्यांची हौस, आणि त्यांनी काम चालूच ठेवावं ही नवऱ्याची इच्छा. करार, पैसे, कुठल्या चित्रपटात जायचं याचे निर्णय बहुतेक दुसऱ्यांचे. आधी माहेर त्यांच्या कमाईवर, मग सासर. संशय, भांडणं, दारू. एकदा घर सोडून त्या मराठवाड्यातल्या एका गावी गेल्या, आणि तिथे वाड्याच्या आत अडकून पडल्या. लाखो लोक जिला पडद्यावर बघत होते तिला दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

हे एकटीचं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. स्टुडिओच्या काळात नट-नट्या महिना पगारावर असत आणि करारानं बांधलेले. त्याविरुद्ध उभी राहिलेली बाई म्हणजे शांता आपटे. ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘गोपाळकृष्ण’ यांमुळे लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, 1939 मध्ये, त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतली परिस्थिती सांगितली. शांताबाईंना मालकाशी भांडता आलं, कारण मालक कोण ते त्यांना समोर दिसत होतं. हंसाबाईंचा मालक घरातच होता, आणि त्याच्या फाटकाशी उपोषण करता येत नाही.

कलावंतिणीच्या जुन्या व्यवस्थेत शोषण होतं, ते झाकायचं कारण नाही. पण त्या घरांत कमाई बाईच्या नावानं ओळखली जाई, घर आईच्या बाजूनं चाले आणि म्हातारीचा शब्द शेवटचा असे. सिनेमा आणि ‘प्रतिष्ठित’ लग्न यांनी ही व्यवस्था मोडली, आणि बदल्यात बाईला ना पगारदाराचा हक्क दिला ना गृहिणीचं स्वास्थ्य. तिला दोन्हीकडचं ओझं मिळालं.

स्वतःच्या तोंडानं

हंसाबाईंनी शेवटच्या वर्षांत आपली हकिगत सांगितली. शब्दांकन पत्रकार-कादंबरीकार अरुण साधू यांचं. ‘माणूस’ या नियतकालिकातून ती प्रसिद्ध झाली आणि 1970 मध्ये राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. नाव ठेवलं आपल्याच गाजलेल्या चित्रपटाचं: ‘सांगत्ये ऐका’. 1971 मध्ये त्या गेल्या, वय अठ्ठेचाळीस.

मराठीत स्त्रियांच्या आत्मकथनांची परंपरा मोठी आहे, रमाबाई रानड्यांपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंत. पण त्यातल्या बहुतेकींच्या मागे संसार, समाजकार्य किंवा थोर नवरा उभा होता. हंसाबाईंच्या मागे यातलं काहीच नव्हतं. आपलं दारू पिणं, आपली प्रेमप्रकरणं, आपली फसगत त्या न सजवता सांगतात. स्वतःला सती म्हणून उभं करत नाहीत, बिचारी म्हणूनही नाही.

या पुस्तकावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ 1977 मध्ये आला. स्मिता पाटील यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांना. चित्रपट हिंदीत असल्यामुळे एका मराठी नटीचं आयुष्य जबलपूर-भोपाळपासून दिल्लीपर्यंत पोचलं. नायिकेच्या भूतकाळासाठी बेनेगल यांनी रंग बाजूला ठेवून जुन्या फिल्मच्या छटा वापरल्या, आणि नाच-गाण्यांच्या चित्रीकरणाचे प्रसंग मांडताना त्या त्या काळच्या स्टुडिओचं तंत्र उभं केलं. बोलपट कसा बदलत गेला हे तीन तासांच्या आत बघायचं असेल तर आजही यासारखा चित्रपट नाही.

मात्र ‘भूमिका’चा एक परिणाम असाही झाला की हंसा वाडकर म्हटल्यावर लोकांना स्मिता पाटील आठवतात. मूळ बाईचं काम मागे पडलं आणि आयुष्य पुढे आलं. चर्चा होते ती तिच्या नवऱ्याची, दारूची, प्रियकरांची. सखूच्या खाली झुकलेल्या मानेतून बयाची ताठ मान काढणारी नटी तंत्र म्हणून काय करत होती, यावर मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. नटांच्या बाबतीत आपण असं करत नाही. बालगंधर्वांची कर्जं सगळ्यांना माहीत आहेत, तरी त्यांच्याबद्दल बोलताना आधी त्यांचं गाणं येतं.

बोलपटाच्या पहिल्या दशकातला किती ऐवज हाती राहिला तेही ध्यानात घ्यायला हवं. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘अयोध्येचा राजा’ सुदैवानं वाचला. नायट्रेटची फिल्म जळाऊ, गोदामं ओलसर, आणि जुन्या रिळांतली चांदी काढून विकणारे व्यापारी हजर. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तोवर कितीतरी नष्ट झालं होतं. जे गेलं त्यात सर्वांत जास्त नुकसान नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांचं झालं. कथा छापील पुस्तिकेत उरते, गाणं तबकडीवर उरतं, नाच फक्त फिल्मवर असतो.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच: ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक वाचाच, पण त्याआधी ‘संत सखू’ आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ मिळतील तिथून मिळवून एकापाठोपाठ एक बघा. कलावंत घरांतल्या मुलींनी बोलपटाला गळा दिला, ताल दिला, नजर दिली. मराठी सिनेमानं त्यांच्या विद्येवर पंचवीस वर्षं पोट भरलं आणि ज्या घराण्यानं ती विद्या जपली त्याचं नाव मात्र श्रेयनामावलीत आलंच नाही. मराठी सिनेमाचा इतिहास शिकवताना आपण प्रभातच्या बोधचिन्हातल्या तुतारीपासून सुरुवात करतो. त्याच धड्यात रतन साळगावकर हे नाव पूर्ण लिहिलं गेलं पाहिजे.